दोन डबे आणि एक टाळी

कोणाच्याही घरी गेले की आमचे शेजारी चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवायचे. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करून ऐकायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "घुमतंय." घरातली बाई पाण्याचा ग्लास घेऊन तशीच उभी. तिला वाटायचं, पंख्याबद्दल बोलतायत. एकदा साखरपुड्यात त्यांनी हॉलच्या मधोमध टाळी वाजवली, तर अंगठी घातली असं समजून सगळ्या पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नवरामुलगा अजून डबी उघडत होता.

अंबरनाथ पूर्वेला आमच्याच मजल्यावर ते राहत. कारखान्यात अधिकारी, म्हणून सगळे त्यांना साहेब म्हणायचे. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. कोणाकडे कॉम्प्युटर आला तरी बघायला माणसं जमायची. साहेबांनी त्याला माइक जोडायचं यंत्र आणलं आणि बेडरूमचा स्टुडिओ केला. त्या यंत्राला ऑडिओ इंटरफेस म्हणायचं असं ते सगळ्यांना बजावून सांगत, पण वहिनींसकट आम्ही सगळे डबाच म्हणायचो. त्याला दोनच माइक लागत. दोन माइकांत काय होतंय, म्हणून दुसरा डबा आला, तोही वेगळ्या बनावटीचा. एक कॉम्प्युटर दोन्ही डबे चालवेना, म्हणून दुसरा कॉम्प्युटर आला. तो ठेवायला जागा हवी, म्हणून वहिनींची शिलाई मशीन गॅलरीत गेली. उल्हासनगरचा सिंधी दुकानदार तर साहेब लांबून दिसले तरी खुर्ची पुसायला घ्यायचा. "आओ साईं, तीसरा कब ले जाओगे?"

एवढ्या सरंजामात तोवर रेकॉर्ड काय झालं होतं, विचारा. "हॅलो, चेक, एक दोन तीन." तेही साहेबांच्याच आवाजात.

मी ढोलकी वाजवतो. विहारातल्या आमच्या गायन मंडळाची मुख्य माझी आत्या. बुद्धाची, बाबासाहेबांची गाणी ती स्वतः रचायची. वहीत एक ओळ नाही, सगळी डोक्यात. त्यात तिला दम्याने गाठलं. तिचा आवाज आहे तोवर ती गाणी एकदा टेप व्हावीत, एवढंच मला हवं होतं. साहेब आनंदाने हो म्हणाले आणि सहा महिने तिसऱ्या डब्याची वाट बघत बसले.

शेवटी माझं डोकं फिरलं. "साहेब, आत्याचा दम संपत चाललाय. तुमचे डबे संपणारेत का?"

"भाऊ, एकदाच होणार ना? मग चांगलं नको व्हायला? प्रत्येकाचा आवाज वेगळा रेकॉर्ड व्हायला पाहिजे."

पण पुढच्या रविवारी त्यांनी बोलावलं. आत्या एकटी हॉलमध्ये, चारी बाजूंनी गाद्या उभ्या करून. तिचा माइक पहिल्या डब्याला. कोरसच्या दोघी स्वयंपाकघरात. मी बेडरूममध्ये कपाटाची दारं उघडून त्यात बसलो होतो, तोंडावर वहिनींच्या साड्या. आमचे माइक दुसऱ्या डब्याला. सगळ्यांच्या कानांना हेडफोन. आयुष्यभर मांडीला मांडी लावून गायलेली माणसं आम्ही!

"मला पोराचे हात दिसले पाहिजेत रे," आत्या म्हणाली. "कानात बोळे घालून गाऊ व्हय?"

दोन्ही कॉम्प्युटर सुरू करून साहेबांनी हॉलमध्ये आत्याजवळ येऊन टाळी वाजवली. ती टाळी दोन्हीकडे जुळवली की गाणंही जुळतं, असं त्यांचं शास्त्र. आत्या एकदा बसली की थांबत नसे. पाऊण तास गायली, मधे फक्त श्वासापुरती थांबत.

मग ऐकायला बसलो. पहिलं गाणं झकास. तिसऱ्यापासून माझी ढोलकी जराशी मागे. शेवटच्या गाण्यात तर आत्या पुढे निघून गेलेली आणि मी मागून धावतोय. आत्याने माझ्याकडे पाहिलं. "दमलास का रे?"

वीस वर्षांत माझ्या लयीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी लालबुंद झालो. साहेब मान खाली घालून म्हणाले, "भाऊंची चूक नाही. दोन डब्यांच्या आतली घड्याळं जराशी वेगळी चालतात. थोडं थोडं करत एवढं होतं. तिसरा आणला की पुन्हा घेऊ."

पुन्हा कुठलं? दीड महिन्यात आत्या गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला साहेब आले. दारात त्यांचे हात सवयीने वर आले, तसेच थांबले आणि जोडले गेले. जाताना त्यांनी माझ्या हातात एक सीडी ठेवली. "आत्यांचा आवाज वेगळा घेतला होता म्हणून वाचला. बाकी सगळं काढलं." म्हणजे माझी ढोलकीच काढून टाकली! स्वतःच्या डब्यांचं पाप माझ्या माथी मारलं म्हणून मी वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही. तेवढ्यात ते फ्लॅट विकून वांगणीला गेले, शांतता हवी म्हणून. तिकडच्या बेडकांबद्दल त्यांना कोणी सांगितलं नसावं.

वर्षश्राद्ध आम्ही करत नाही, पण आत्याच्या स्मृतिदिनाला सगळे जमलो आणि मी ती सीडी पहिल्यांदा लावली. नुसती आत्या. माझी एक थाप नाही, कोरसचा एक सूर नाही. दोन कडव्यांच्या मधे ती थांबायची, ती माझ्या हातांसाठी. ती मोकळी जागा ऐकली आणि मी उठून ढोलकी घेतली. कोरसच्या दोघी सरकून जवळ बसल्या. पाऊण तास वाजवलं, कुठेही मागे पडलो नाही. रडलो मात्र खूप.

साहेबांना हे सांगायचं होतं. वांगणीला दोनदा जाऊन आलो, पण ते तिथूनही हलले होते. कुठे, कोणालाच माहीत नाही.

आता दरवर्षी आम्ही तसेच बसतो. ढोलकीवर हात ठेवून मी वाट बघतो. आधी सीडीची खरखर, मग साहेबांची टाळी. मग त्या दिवशी मला कपाटात ऐकू न आलेला त्यांचा हळू आवाज: "घुमतंय. असू दे. गा, आत्या."