आनेझाच्या वाट्याची वाळू

भावाचा फोन आला तेव्हा आनेझा खिडक्यांच्या निळ्या झडपांना रंग देत होती. फेब्रुवारीत नाक्सोस बेटावर पाहुणा नसतो. असतो तो चुना, रंग आणि उन्हाळ्याचे बेत.

"आनेझा, मी निकोडिमोस. ओळखलंस ना?"

"अजून बहिरी झाले नाही."

निकोडिमोस तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, शहात्तरचा. डोंगरातल्या गावातले मळे विकून तो अथेन्सला गेला त्याला तीस वर्षं झाली होती. ईस्टर आणि नवं वर्ष, एवढेच त्याचे फोन. हा तिसरा म्हणजे काहीतरी काम असणार, हे तिला कळलं.

"ऑगस्टमध्ये बारा दिवस येतो म्हणतोय. मी, मुलगा आणि सून. सून इंटरनेटवर बघून बघून दमली, कुठे जागा नाही. म्हटलं, आपली आनेझा आहे की. लोक तुला विचारून सुट्टी आखतात म्हणे. तूच ठरव सगळं. कुठे पोहायचं, कुठे जेवायचं. मी तोंड उघडणार नाही."

"पंधरा ऑगस्टचा चर्चचा सण गावात करायचा ना?"

"म्हणजे काय. त्याच्यासाठीच तर यायचं."

आनेझाने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "ये," ती म्हणाली. "अशी सुट्टी आखते तुझी, की जन्मभर विसरणार नाहीस."

"बघ, रक्त ते रक्त," तो खूश होऊन म्हणाला.

बेटावरचा जुना रिवाज असा, की डोंगरातली कसदार जमीन मुलांना, आणि समुद्रकाठची, जिथे मिठाखेरीज काही पिकत नाही ती, मुलींना. आनेझाच्या वाट्याला वाळूचा पट्टा आला होता. शेळीसुद्धा तिथून उपाशी परतायची. तरी एकविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं, शेजारच्या गावातल्या मान्थोसशी. घरचा बटाट्याचा व्यापार, मुलगा अबोल, हसताना मान खाली घालणारा. साखरपुड्याला सगळं गाव चौकातल्या मोठ्या झाडाखाली जेवायला बसलं होतं. तेवढ्यात निकोडिमोस एक पोतं घेऊन आला. पोत्याला पांढरी रिबीन बांधलेली. त्याने ते मान्थोसच्या बापापुढे ठेवलं.

"बहिणीच्या हुंड्याचं पीठ. चाळून घ्या, जरा जाडं आहे."

म्हाताऱ्याने हात घातला. मुठीतून वाळू गळली. गाव इतकं हसलं, की व्हायोलिनवाल्याला वाजवणं थांबवावं लागलं. आठवड्याने अंगठी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून परत आली. मान्थोस ऑस्ट्रेलियाला निघून गेला, आणि आनेझाला नाव चिकटलं, वाळूवाली.

पुढे त्याच वाळूवर परदेशी लोक टॉवेल अंथरून पडू लागले. आनेझाने एक खोली बांधली, मग दुसरी, अशा आठ. लग्न केलं नाही. वाळूवाली हे नाव राहिलंच, फक्त ते घेताना लोकांच्या बोलण्यात आदर आला. तिला तो नको होता. तिला एवढंच हवं होतं, की त्याच झाडाखाली, त्याच गावासमोर निकोडिमोसने म्हणावं, मी हिचं लग्न मोडलं. या एका वाक्याची ती एकोणपन्नास वर्षं वाट पाहत होती.

तेव्हा तिने वही काढली. नवपरिणीत जोडप्यासाठी काढावी तितक्या प्रेमाने बारा पानांवर रेघा मारल्या. यायला जलद बोट नाही. वाटेतल्या प्रत्येक बेटाला शिवत येणारी. राहायला आठ नंबरची खोली, सरळ उत्तरेकडे तोंड असलेली. तिच्या खिडकीच्या झडपेची कडी तिने त्याच दिवशी पेचकसाने काढून ॲप्रनच्या खिशात टाकली. आणि पोहायला रोज उत्तरेचे किनारे. ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारा उत्तरेकडून येतो, हे बेटावर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या वाऱ्यात तिथली वाळू पोटऱ्यांना सुयांसारखी टोचते, घासात जाते, डोळ्यांत जाते. म्हणून आनेझा आपल्या पाहुण्यांना डोळे मिटून दक्षिणेला धाडायची. बेटावरचे सगळेच धाडायचे.

"थोडी वाळू तुझ्याही वाट्याला येऊ दे, निकोडिमोस," ती वहीला म्हणाली.

दहावं पान पंधरा ऑगस्टचं. त्यावर तिने एकच शब्द लिहिला, पोतं.

ऑगस्ट आला. पाहुणे आले. वारा आला नाही.

असं कधी होत नाही. म्हातारे कोळी धक्क्यावर उभे राहून समुद्राकडे संशयाने बघत होते. झास डोंगराच्या माथ्यावर वाऱ्याची वर्दी देणाऱ्या ढगाचा फाटका तुकडाही नव्हता, दोरीवरचे टॉवेल भिंतीसारखे सरळ. आठ नंबरची झडप दिवसभर निपचित उभी होती.

"आनेझाआत्या, तुम्ही जादूगार आहात," सून रुबिनी संध्याकाळी परत आल्यावर म्हणाली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, उगाच स्तुती करणारी नव्हती. "दक्षिणेला पाय ठेवायला जागा नाही म्हणे, आणि आम्ही तिघंच अख्ख्या किनाऱ्यावर. पाणी कसं, तर काचेसारखं. बाबांचा गुडघासुद्धा दुखला नाही."

"बोटीचं तर विचारू नकोस," निकोडिमोस म्हणाला. "सगळी बेटं बघितली. कॉफी पीत पीत आलो. तू सांगितलं नसतंस तर आम्ही त्या जलद डब्यात बसून आलो असतो."

आनेझाने त्याच्या ताटात चीज वाढलं. हात थोडा जड पडला. "खा," ती म्हणाली. "अजून दिवस आहेत."

रोज पहाटे उठून ती टॉवेलकडे बघायची आणि रोज तो तिला नकार द्यायचा. नऊ दिवस निकोडिमोस उन्हात तांबूस होत गेला, वजनाने वाढला, आणि भेटेल त्याला बहिणीचं कौतुक सांगत राहिला. दहावा दिवस सणाचा होता.

चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर गाव दुपारी झाडाखाली जेवायला बसलं. बकऱ्याचं मटण, बटाटे, वाइन. निकोडिमोस मधोमध. आनेझा उठली, गाडीतून पांढरी रिबीन बांधलेलं पोतं आणलं आणि त्याच्या ताटासमोर ठेवलं.

"हे काय गं?"

"पीठ. चाळून घे, जरा जाडं आहे."

त्याने हात घातला, वाळू बाहेर काढली, आणि हसला. अगदी मोकळं हसला. "कुणाची थट्टा ही? तुझी?"

तो विसरला होता. आनेझाने बारा पानांत सगळं धरलं होतं, हे धरलं नव्हतं. ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

तेव्हा समोरून झाबेता बोलली. झाबेता त्यांची जुनी शेजारीण, नव्वदीची, दात नसलेली. सगळे तिला मानाने कीरा, म्हणजे बाई, झाबेता म्हणत, आणि ती बोलली की ऐकत.

"विसरलास होय रे? मग मी सांगते. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तुझा बाप आमच्या ओट्यावर बसून माझ्या नवऱ्याला म्हणाला, पोरीला नुसती वाळू देऊन मला पाप नको, ऑलिव्हचा मळाही तिच्या नावे करतो. तू दाराशी उभा होतास, मला बघून सटकलास. दुसऱ्या दिवशी पोतं आलं. लग्न मोडलं, मळा तुझ्याकडे राहिला. तो विकूनच अथेन्सला घर घेतलंस ना?"

झाडाखाली कुणी काटा उचलला नाही. आनेझा भावाकडे बघत होती. इतकी वर्षं तिने त्याला मूर्ख समजून शिव्या दिल्या होत्या. मूर्ख तो नव्हता.

"बाबा," रुबिनीने विचारलं, "खरं आहे हे?"

निकोडिमोसच्या बोटांना वाळू चिकटली होती. ती त्याने टेबलाच्या कडेला पुसली. "थट्टा होती ती," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. मग तो ताटाकडे बघत म्हणाला, "हो. मीच मोडलं हिचं लग्न."

"मोठ्याने म्हण," झाबेता म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

त्याने ते पुन्हा म्हटलं. रुबिनीने त्याच्या शेजारची खुर्ची सरकवली आणि आनेझापाशी येऊन बसली. आनेझा शांतपणे जेवली. मटण छान झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकोडिमोस बॅग भरून अंगणात उभा होता. उरलेले दोन दिवस नकोत, आजच्याच बोटीने जातो म्हणाला. आनेझाने दोरीकडे बघितलं. टॉवेल आडवा झाला होता.

दहा वाजता बंदरातून खबर आली, वाऱ्याचा जोर नऊ बोफर, म्हणजे वादळच, बोटी बंद. दुपारी सगळं बेट झोपलेलं असताना आठ नंबरची झडप भिंतीवर आपटू लागली. धाड. मग थोडा वेळ शांत, आणि परत धाड. निकोडिमोस उशी हातात घेऊन बाहेर आला. डोळ्यांत वाळू, डोळे लाल.

"आनेझा, त्या झडपेला कडी नाही गं."

"नाही?" ती शेंगा सोलत होती.

"हा वारा किती दिवस चालेल?"

तिने झासच्या माथ्याकडे नजर टाकली. तिथे ढग पागोट्यासारखा घट्ट बसला होता. यात तिचं सहसा चुकत नसे.

"चार," ती म्हणाली. "पाचही लागतील. तू जा ना, आत जाऊन पड."

तो गेला. आनेझाने ॲप्रनच्या खिशात हात घालून कडी चाचपली आणि पुढची शेंग उचलली.