खरात मॅडमची थप्पड

पहिल्याच तासाला खरात मॅडमनी शिपायाच्या कानाखाली मारली.

आम्ही तिसेक जण बाकांवर बसलो होतो. नामदेवमामा हजेरीचं पुस्तक घेऊन आत आले, ते टेबलावर ठेवलं, आमच्याकडे पाठ करून मॅडमसमोर उभे राहिले, आणि मॅडमनी एक शब्द न बोलता हात फिरवला. फाडकन आवाज झाला. मामांची टोपी उडाली आणि ते फळ्यावर आदळले. पुढच्या बाकावरची मुलगी किंचाळली. मामा सावकाश सरळ झाले, टोपी झटकली आणि म्हणाले, "बाई, आज टाळी जरा उशिरा वाजली."

हात गालाला लागलाच नव्हता. टाळी मामांनी स्वतःच पोटाशी वाजवली होती. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मामांच्या पाठीमागं बसले म्हणून तुम्हाला लागल्यासारखं दिसलं. त्या खिडकीजवळच्या पोराला विचारा, त्याला फट दिसली असंल. मार हातात नसतो पोरांनो, बघणाऱ्याच्या जागेत असतो. कॅमेरा कुठं ठेवायचा, एवढंच मी वर्षभर शिकवणारे."

खिडकीजवळ मीच होतो. मला फट दिसली होती.

आमच्या शहरातल्या एका कॉलेजात चित्रपट-अभ्यासाचा तो एक वर्षाचा वर्ग होता. नाव मोठं, सामान म्हणजे एक व्हिडिओ कॅमेरा आणि पाय डुगडुगणारा एक स्टँड. मॅडम पडेगावहून स्कूटरवर यायच्या. ठेंगण्या, सुती साडी, आवाज मात्र असा की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घ्यायचे. सगळं शिक्षण त्या मारामारीतून द्यायच्या. लांबचा शॉट, जवळचा शॉट शिकवायचा तर खून घ्यायच्या. "लांबून दाखवला तर खून म्हंजी बातमी. जवळून दाखवला तर तो तुमच्या घरातला व्हतो." दोन माणसांमधली काल्पनिक रेघ शिकवताना त्या फरशीवर खरोखरच खडूनं रेघ ओढायच्या, एका बाजूला चाकू दिलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला मरणारा. "कॅमेरा रेघेच्या एकाच अंगाला. पलीकडं गेलास तर कोण मारतोय अन् कोण मरतोय, बघणाऱ्याला कळणार नाय."

आमचा सराव म्हणजे सहा शॉटमध्ये एक माणूस मारायचा, आणि मारणाऱ्याचा हात मरणाऱ्याला लागता कामा नये. कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही एकमेकांचे गळे आवळले, विळे चालवले, डोकी दगडावर आपटली. एक मूठ आवळलेली, मग एक डोळा विस्फारलेला, मग मातीत खरडणारी टाच. तीन तुकडे जोडले की खून झालेला दिसायचा. बीटाच्या रसाचे डाग शर्टावर घेऊन आम्ही कँटीनमध्ये चहा प्यायचो.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती, ती त्यांनी एकदाच सांगितली. तरुणपणी त्या मुंबईत कुठल्याशा दिग्दर्शकाच्या हाताखाली होत्या. छोटी भूमिका करणाऱ्या एका मुलीला खरीखुरी थोबाडीत मारायची, असं त्या माणसानं ठरवलं. मनासारखं होईना म्हणून चौदा वेळा. नवव्या वेळी तिचा दात तुटला, तर तो म्हणाला, "रक्त पुसू नका, छान दिसतंय." शॉटचा आकडा लिहायची पाटी, क्लॅप, मॅडमच्या हातात होती. "मी चौदाही वेळा आकडा लिहिला," त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत त्यांचं नेहमीचं वाक्य आलं, "खरंच मारायचं असंल तर कॅमेरा कशाला पायजे? बाजारात जाऊन उभे ऱ्हावा. फुकट दिसतंय."

हे सगळं ऐकलेला मी, आणि मी काय केलं ते आता लिहितो.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला एक छोटा चित्रपट करायचा होता. माझ्या चित्रपटात एक बाई पुतण्याविरुद्ध साक्ष देते आणि तो तिला शेतात गाठून मारतो. पुतण्याचं काम आमच्याच वर्गातल्या गंगापूरच्या विष्णूकडे होतं. ऊस तोडून घट्टे पडलेले त्याचे हात पंख्याएवढे होते, पण स्वभाव असा की चुकून कुणाच्या पायावर पाय पडला तरी खाली वाकून नमस्कार करायचा. बाईचं काम करायला कुणी मिळेना, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मी करते. पण मार मी बसवणार."

दौलताबादच्या किल्ल्याखाली एका कापलेल्या शेतात आम्ही उभे होतो. मॅडमनी चुन्याच्या दोन खुणा केल्या, एक विष्णूच्या पायासाठी, एक स्वतःसाठी. त्याचा हात पूर्ण ताणायला लावून बोटांची टोकं आणि आपला गाल यात चार बोटांचं अंतर मोजलं. कॅमेरा त्यांनी लांब, विष्णूच्या पाठीमागं ठेवायला लावला आणि झूम पूर्ण आत. एवढ्या लांबून जवळ ओढलं की अंतर चपटं होतं, चार बोटं दिसतच नाहीत. शॉट झाला. चांगला झाला.

मला तो नको होता. मला बाजूनं हवा होता, दोघं पायापासून डोक्यापर्यंत, मागं किल्ला, मध्ये कुठेही कात्री नाही.

"बाजूनं फट दिसंल रे," मॅडम म्हणाल्या.

"मधलं कापणारच आहे, मॅडम. फक्त आधीचं आणि नंतरचं हवंय."

त्या खुणेवर जाऊन उभ्या राहिल्या. मी विष्णूला बाजूला घेतलं. "खरंच मार," मी म्हणालो.

"येडा झाला का? मॅडम हायेत त्या."

"त्यांनीच सांगितलंय. आपण मुद्दाम बोलायचं नाही, म्हणजे चेहरा खरा येईल."

"आईची शपथ घे."

मी घेतली.

विष्णू खुणेच्या एक पाऊल पुढे गेला. तो आवाज टाळीसारखा नव्हता. ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा होता. मॅडम आडव्या उडून ढेकळांत पडल्या, चष्मा लांब गेला. डाव्या कानातून एक बारीक लाल रेघ निघाली आणि जबड्यावरून गळ्याकडे गेली. त्या हातांनी मातीत काहीतरी शोधत होत्या. विष्णू माझ्याकडे बघत होता. मी कॅमेरा थांबवला नाही. अकरा सेकंद. नंतर एडिटिंगच्या टेबलाशी बसून मी ती मोजली आहेत.

जीपमधून शहरात आणताना मॅडमनी कानावर पदर दाबून धरला होता. "पाय खुणेवरच व्हते ना त्याचे?" त्यांनी मला विचारलं.

"हो मॅडम. खुणेवरच."

"मग मीच पुढं झुकले असंल. माझंच माप चुकलं. पोराला काय बोलू नका." पदर रक्तानं जड झाला होता.

समोर बसलेल्या विष्णूनं मान वर केली. मॅडमना काहीच ठाऊक नव्हतं, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्यानं मान पुन्हा खाली घातली. हात त्याचाच होता ना. दुसऱ्या दिवशी तो गंगापूरला गेला, तो परत वर्गात आला नाही.

मॅडमच्या कानाचा पडदा फाटला होता. तो कान कायमचा गेला. माझ्या चित्रपटाला स्पर्धेत बक्षीस मिळालं, परीक्षकांनी त्या एका शॉटचं कौतुक केलं. मॅडम सभागृहात होत्या; पडद्यावर चुन्याची खूण दिसत नव्हती. "शॉट चांगलाय," एवढंच म्हणाल्या. पण पुढच्या वर्षी नामदेवमामा हजेरी घेऊन वर्गात गेले, टोपी सैल करून उभे राहिले, आणि मॅडम म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मामा. आता जमत नाय. माझ्या हातून कुणाला तरी लागंल." तेव्हापासून त्यांनी ते सारं फळ्यावर आकृती काढून शिकवलं. हे मला ठाऊक आहे, कारण मी त्याच विभागात शिकवायला लागलो होतो. नऊ वर्षं आम्ही एकाच खोलीत डबा खाल्ला. माझ्या एका वाक्यानं त्यांचं माप त्यांना परत मिळालं असतं. मी भाजी वाढून घेत राहिलो.

गेल्या वर्षी माझ्याच एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, खरंच मारलं तर चालंल का? तो तयार हाये." मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. मुलं ओरडली तेव्हा भानावर आलो. त्याची माफी मागितली आणि तसाच पडेगावला गेलो.

मॅडम अंगणात खुर्चीवर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, अंग सुकलेलं. मी उभ्यानं सगळं सांगितलं. मला वाटलं, कानाबद्दल बोलतील.

"म्हंजी माझं माप बरोबर व्हतं?"

"हो."

"चार बोटं व्हती?"

"होती, मॅडम."

त्यांनी तोंडावर हात घेतला. हसताहेत की रडताहेत ते मला कळलं नाही. मग त्या एकदम उठल्या आणि खुर्ची माझ्या अंगावर ढकलली. माझी नडगी फुटली. "आन् त्या पोराला वीस वर्षं कुजवलं? नीघ हितून. त्याला धाड. तू येऊ नको."

गंगापुरात विष्णूचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. मी बोलत होतो तेव्हा तो नट आवळत राहिला. शेवटी म्हणाला, "एवढंच सांगायला आला व्हय?" पण तो मॅडमकडे गेला. पुढं चार महिन्यांनी मॅडम वारल्या. अंत्ययात्रेत तो पुढं होता, मी लोकांमागं.

नंतर मी त्याला विचारलं, तू पडेगावला गेलास त्या दिवशी काय झालं. तो म्हणाला, "अंगणात उभं केलं. म्हणल्या, मार. मी नाय म्हणलो, रडलो. त्या म्हणल्या, चार बोटं सोड अन् मार. दहा-बारा डाव मारलं. एकदाबी लागलं नाय. मग च्या दिला."

"माझ्याबद्दल काही म्हणाल्या?"

विष्णूनं हात फडक्याला पुसले.

"नाय," तो म्हणाला. "तुझं नाव निघालं नाय."