बाळ्याचं वजन

फोन शाळेत आला. बारामतीच्या या शाळेत मी मुलींना खेळ शिकवते. शिपाई मैदानावर बोलवायला आला तेव्हा मी कुणावर तरी ओरडत होते. पलीकडून कमलचा नवरा वरकुट्याहून बोलत होता. "बाई, कमल गेली," एवढंच म्हणाला. काविळीनं तिनं अंथरूण धरलंय हे मला ठाऊक होतं, रविवारी जायचं मी ठरवलंही होतं... रविवार उजाडलाच नाही तिच्यासाठी. तिशीसुद्धा गाठली नाही. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला तिचा राग आला. बरोबर धावत होतो तेव्हा ही बया कधी माझ्यासाठी थांबली नाही. एकदाच थांबली, आणि तेच गेले काही आठवडे माझ्या डोक्यातून जात नाही.

कमल शेळगावची. तिच्या आजोबांकडे मेंढरांचं मोठं खांड होतं, घरदार त्याच्यामागं हिंडायचं. तिच्या वडिलांनी, आबांनी, ते मोडून शेती धरली. सवय सुटेना म्हणून चार मेंढ्या तेवढ्या दारात ठेवल्या. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत आम्ही दोघी बारामतीच्या कॉलेजात लांब पल्ल्याचं धावायचो. कमल ताडमाड उंच, वाऱ्यासारखी सुटायची, आणि शेवटच्या चढावर हमखास ढेपाळायची. आमचे सर म्हणायचे, "तुझा दम संपत नाही, मांड्या आणि कंबर संपते. ताकद कमव. थोडं वजन घे, रोज घे, हळूहळू वाढव." तेव्हा हे ऐकून लोक हसायचे. धावणाऱ्यानं काटकुळं असावं, वजन पैलवानांनी उचलावं, असा सगळ्यांचा समज. शिवाय वजन कुठलं आणायचं? तालमीत लोखंड होतं, पण तिथं मुलींना उंबऱ्याच्या आत घेत नसत.

कमलनं वाट काढली. दिवाळीनंतर त्यांच्या मेंढीला कोकरू झालं होतं, त्याचं नाव तिनं बाळ्या ठेवलं. मेंढपाळाची माणसं दमलेलं कोकरू मानेवर घेतात, पुढचे-मागचे पाय छातीशी दोन्ही हातांत धरून. तिनं तसंच त्याला घेतलं आणि कालव्याच्या भरावावर चढायला लागली. चढायचं, उतरायचं, मग विहिरीच्या कट्ट्यापाशी बैठका. मी हसले तर म्हणाली, "सर म्हणत्यात हळूहळू वाढव. माझं वजन आपलं आपण वाढतंय, सुनीते. नुसता पाला घालायचा!" आणि खरंच, बाळ्या अंगानं भरत गेला तशी कमलची पाठ सरळ होत गेली. पावसाळा सरला तेव्हा बाळ्या चांगला शिंगं फुटलेला एडका होता आणि कमल चढावर मला मागं टाकून वर गळ्यातल्या गळ्यात गाणं म्हणायची. बाळ्याही लाडावला. ती दिसली की खाली मान घालून उभा राहायचा, उचल म्हणून.

इंदापूरला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. संघात आलं की राज्याला जायचं, प्रमाणपत्र मिळायचं, आणि त्यावर खेळाडूंच्या जागेतून नोकरी. नाहीतर दोघींचीही लग्नं ठरल्यात जमा होती. आबांना लेकीच्या नोकरीची फार आस. त्यांनी भावकी जमवून माळावरच्या देवीपुढं मोठ्यानं नवस बोलला, "पोरगी निवडली तर एडका तुला." घरात एडका एकच होता. देवाला द्यायचं ते घरातलं सगळ्यात चांगलं, यापलीकडं त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. कमल तिथंच उभी होती. घरी येताना ती माझ्या चार पावलं पुढं चालत राहिली.

शर्यतीत ती पुढच्या घोळक्यात होती, मी बरीच मागं. शेवटच्या चढावर मी वर पाहिलं तर कमल चालल्यासारखी धावत होती. तिला ओलांडताना मी ओरडले, "चल की गं!" तिचा श्वाससुद्धा फुलला नव्हता. "पायात गोळा आलाय, तू जा," म्हणाली. संघातली शेवटची जागा मला मिळाली. आज मी जी नोकरी करते ती त्या जागेवर उभी आहे.

खरं काय ते तिनं पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. वरकुट्याला तिच्या सासरच्या रानात आम्ही भेंडी तोडत होतो. "गोळाबिळा काय आला नव्हता. त्याच्याच जिवावर चढ चढायचा आणि वर जाऊन त्यालाच कापायचं, हे माझ्यानं झालं न्हाय." मग माझा हात धरून म्हणाली, "आबास्नी सांगू नगंस. माझ्या नवसापायी पोरीचं गेलं, असं हुईल त्यांना." बाळ्या म्हातारा होऊन मेला. त्याची घंटा आबांनी दाराच्या चौकटीला टांगली. उंच कमल माहेरी आली की जाता-येता ती तिच्या डोक्याला लागायची.

दहाव्यानंतर मी शेळगावला आबांकडे गेले. त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला. मग म्हणाले, "सुनीता, एक गोष्ट पोटात हाय. शर्यतीच्या आदल्या दिशी पोरगी बाळ्याच्या गळ्यात पडून रडताना मी बगितली. तसाच देवीकडं गेलो. म्हनलं, आई, चुकलो, एडक्याबदली नारळावर मान. भावकीत बोललेला शब्द फिरवला, म्हनून कुनाला सांगितलं न्हाय. तिलाबी न्हाय... देवीशी झालेलं बोलनं घरात काढू नये, असं आमचं जुनं." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तिनं ज्याच्यासाठी सगळं सोडलं, तो एडका शर्यतीच्या आदल्या दिवशीच सुटला होता. एवढंसं वाक्य या घरात कुणी कुणाला बोललं असतं तर मैदानावर आज ती असती... मला त्या दोघांचा, त्या देवीचा, सगळ्यांचा संताप आला.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "तू मागनं आलीस तिच्या. खरं सांग, पोरगी मुद्दाम हळू झाली व्हती का?"

मला कमलचा भेंडीच्या रानातला, चिकानं खरबरीत झालेला हात आठवला. "नाही आबा," मी म्हणाले. "पायात गोळा आला होता तिच्या."

"व्हय," ते म्हणाले. "गोळाच आला आसंल." आणि पांघरलेल्या घोंगडीचं टोक डोळ्यांना लावलं.

मला पुढं बसवेना. उठले, घाईघाईत उंबऱ्यावर पाय देऊन दाराबाहेर पडले आणि चौकटीवरची घंटा माझ्या डोक्याला लागून वाजली.

आतून आबा म्हणाले, "वाकून जा गं, कमळे."