ट्रॉलीच्या खाली

सुपरमार्केटमधल्या बाकीच्या कॅशियर तिला घार म्हणत. बिल करण्याआधी ती प्रत्येक ट्रॉलीपाशी वाकायची आणि खालच्या फळीवर काही दडवलंय का ते बघायची. स्कॅन न झालेला माल बाहेर जातो तो तिथूनच, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास. गिऱ्हाईक खवळायचं, "आम्ही काय चोर दिसतो?"

"दिसत नाही, म्हणूनच बघते," ती फटकन म्हणायची.

दुकानाचा नियम कडक होता. नातेवाइकांचं बिल करायचं नाही, केलं तर घरी बसायचं. आणि घारीला घरी बसणं म्हणजे दिवसभर सासूच्या तोंडी लागणं. दोघींचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. ताटसुद्धा एकमेकींपुढे आदळूनच ठेवायच्या.

एके दुपारी ही सासूच ट्रॉली रेटत थेट तिच्या काउंटरवर आली.

"पलीकडे जा," घार दातओठ खात पुटपुटली.

"पलीकडे रांग आहे. माझे गुडघे काय भाड्याचे आहेत?"

मागची माणसं कुरकुरायला लागली. तमाशा नको म्हणून घारीनं बिल करायला घेतलं. म्हातारीनं मुद्दाम काहीतरी लपवलं असणार, याची तिला खात्रीच होती. ती वाकली, खालची फळी हातानं चाचपली. काही नव्हतं. वर मात्र तिनं बघितलंच नाही.

दारावर रखवालदारानं म्हातारीला अडवलं. ती ज्या काठीवर रेलून निघाली होती ती दुकानातलीच होती, कोरी करकरीत; किमतीची चिठ्ठी मुठीखाली लोंबत होती. "गुडघा धरला म्हणून घेतली, विसरले," असं म्हातारी त्यालाच दरडावत होती.

मॅनेजर आला. घारीच्या हातून असं सुटतं, हे त्याला पटेना. त्यानं घारीकडे बोट दाखवलं. "आजी, ही तुमची सून तर नाही ना?"

घारीच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारीनं नुसती मान डोलावली असती तरी नोकरी गेली असती, आणि सूड उगवायला इतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती.

सासूनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "माझी सून? असलं आंधळं ध्यान मी उंबऱ्याच्या आत घेईन?"

पैसे टाकून ती काठी आपटत निघून गेली.

संध्याकाळी घार घरी आली. आभार मानावेत असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचाच भयंकर राग आला. सासूनं तिच्यापुढे ताट आदळलं.

"पुढच्या खेपेला पलीकडच्या रांगेत उभी राहीन," ती म्हणाली. "आता काठी आहे."