गल्लीच्या तोंडावरची पाटी

साहेब मेला तेव्हा शहरभर हळहळ झाली. पेंटर मात्र त्या दिवशी पोटभर जेवला.

का जेवू नये हो? या माणसाच्या प्रत्येक बढतीची पाटी त्यानंच रंगवली होती. पोलीस खात्याच्या सगळ्या पाट्या त्याच्याकडेच असायच्या. हुद्दा वाढला की जुना खरवडायचा, नवा लिहायचा, नाव तसंच ठेवायचं. असं करत करत साहेब साध्या फौजदाराचा अख्ख्या शहराचा पोलीसप्रमुख झाला. लोक म्हणायचे, काय दरारा! गुंड चळाचळा कापतात! गुंडांचं देव जाणे, गरीब मात्र नक्की कापायचे.

त्यातलाच एक पेंटरचा थोरला भाऊ. कापडाच्या दुकानात हमाली करायचा. दुकानात चोरी झाली, मालक साहेबाच्या बैठकीतला, मग काय, हमालाला उचललं. सकाळी निरोप आला, हृदय बंद पडलं, प्रेत घेऊन जा. पाठभर वळ होते, ते काय हृदय बंद पडून उठले? पुढे चोर सापडला, तो निघाला मालकाचाच मेव्हणा! त्याच वर्षी साहेबाला बढती मिळाली आणि पाटी रंगवायला बोलावणं आलं. भावाचं घरही आता पेंटरच्याच गळ्यात होतं. मूग गिळून त्यानं पाटी रंगवली. त्या नावावर थुंकावंसं वाटत होतं, पण मागे शिपाई उभा होता.

आता साहेब मेल्यावर नगरपालिकेनं एका गल्लीला त्याचं नाव द्यायचं ठरवलं. लहानपणी तो तिथे राहायचा म्हणे. गल्ली कोणती, तर पेंटरची वहिनी राहते तीच! ज्या मेल्यानं नवरा खाल्ला, त्याचं नाव तिनं जन्मभर पत्त्यात लिहायचं? पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम नाकारलं तर दुसरा कुणी रंगवणार. म्हणून त्यानं ठरवलं, पत्र्याला प्रायमर द्यायचाच नाही. अशी पाटी लावताना झकास दिसते आणि एका उन्हाळ्यात तिचे पापुद्रे सुटतात.

वहिनीला बरं वाटेल म्हणून तो मुद्दाम सांगायला गेला. ती भांडी घासत होती.

"म्हणजे नाव जाणार?"

"वर्षभरात सफाचट!"

"भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" तिनं पातेलं आदळलं. "इतकी वर्षं माझं कुणी ऐकून घेतलं? चौकशीवाल्यानं वाटेला लावलं. शेजारणीही कंटाळल्या. आता येणारा-जाणारा ती पाटी वाचेल, विचारेल, हा कोण हो? आणि तुम्ही तीच पुसायला निघालात!"

पेंटर चांगलाच ओशाळला. घरी येऊन त्यानं पत्रा घासला, प्रायमर दिला, रंगाचे दोन हात मारले, वरून वार्निश चढवलं. इतकं जीव ओतून काम त्यानं साहेबाच्या हयातीत कधी केलं नव्हतं.

पाटी लागली. नव्या साहेबानं जुन्या साहेबाच्या शिस्तीवर लांबलचक भाषण ठोकलं, टाळ्या पडल्या, मंडळी पांगली. पेंटर शिडी आवरत होता. एवढ्यात पार्सलवाला वहिनीच्या दाराशी येऊन थांबला.

"मावशी, गल्लीचं नाव बदललं वाटतं? कोण हे साहेब?"

वहिनीनं त्याच्यापुढे स्टूल सरकवलं.

"बस बाबा," ती म्हणाली. "यानं माझा नवरा मारला."