भरल्या बंडीची वाट

परवा आमच्या जठारपेठेतल्या घरासमोर एक टांगा आणि एक मोटार समोरासमोर अडले. मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. टांगेवाल्यानं चाबूक मांडीवर आडवा ठेवून विडी पेटवली. "मोटारीले मांगं जाता येते, माया घोड्याले येत नाई," असं तो म्हणाला, आणि मोटारवाला म्हणाला, "मंग शिकव त्याले. मी थांबतो." बघता बघता अर्धी पेठ गोळा झाली. मी खिडकीआड उभी होते. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड उघडायला मला आजही जमत नाही. पण खिडकीआड मी एकटीच हसले, कारण असली कोंडी मी एकदा फोडली आहे, तीही एक शब्द न बोलता. कुणाला सांगण्यासारखं नाही, पण लिहून ठेवावंसं वाटलं.

माझं सासर अमरावतीजवळच्या एका खेड्यात. आमचा मळा होता, भाजी आणि फुलं. दसऱ्यासाठी सासूबाई झेंडू लावत. पावसाळाभर त्याला जपायचं आणि दसऱ्याच्या आदल्या सकाळी सगळा एकदम तोडायचा, कारण त्याला गिऱ्हाईक त्या एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तीच फुलं गायीपुढं टाकायची.

माझं लग्न होऊन दुसराच दसरा होता. उजाडायच्या आत आम्ही फुलं तोडली, पाट्यांनी बैलबंडी काठोकाठ भरली. यजमान मळ्यात मोटेवर राहिले. सासरे पुढं कासरा धरून, मी आणि सासूबाई मागं पाट्यांच्या मधे, असे अमरावतीच्या बाजाराला निघालो.

गावातून सडकेला लागायचं तर पांदणीतून जावं लागे. दोन्ही बाजूंना उंच धुरे, म्हणजे शेतांचे बांध, त्यावर बोरी-बाभळी, आणि मधे एका बंडीपुरती वाट. पावसात काळी माती चाकांनी कापली जाते आणि उघडीप पडली की तशीच वाळून कडक होते. त्या चाकोरीत भरली बंडी एकदा उतरली की तिला बाहेर काढणं फार कठीण. म्हणून आमच्याकडे जुना रिवाज आहे, रिकाम्या बंडीनं धुऱ्यावर चढायचं आणि भरलीला वाट द्यायची.

पांदणीच्या मध्यावर समोरून पाटलांची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, आली. रिकामी. आत पाटील आणि पुढं त्यांचा गाडीवान, बस्स.

पाटील तरुण होते, माझ्या यजमानांपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे. सासऱ्यांना ते काका म्हणत. ते म्हणाले, "काय काका, सकाळीच?"

"सकाळीच," सासरे म्हणाले. "चढवा दमणी."

"चढवतो ना. दोन शब्द गोड तं बोला. आजवर पाटलाची दमणी धुऱ्यावर चढली नाई."

"आज चढंन. वाट भरल्या बंडीची हाय. मी भीक मांगून नाई रायलो."

"मंग मीबी घाईत नाई," असं म्हणून पाटील लोडाला टेकले.

झालं. सासऱ्यांनी कासरा खुंटीला गुंडाळला. दोघांपैकी कुणी बैलही सोडीना, कारण जो आधी जू उतरवील तो हरला, असं पुरुषांचं ठरलेलं. मुके जीव मानेवर ओझं घेऊन उभे. पाटलांच्या मागं कुणाची तरी बंडी येऊन थांबली, आमच्या मागं दोन. मागचे लोक आधी समजूत घालत होते, मग चेष्टा करू लागले. "पाटील, खाट पाठवू का घरून?" "काकाले उशी पाठव!"

ऊन वर आलं. झेंडू ढिगानं भरला की आतून तापतो. मी पाटीत हात घातला, तर चुलीजवळच्या राखेसारखी ऊब लागली. सासूबाईंनी मडक्यातलं पाणी शिंपडलं, ते लगेच सुकलं.

"अवो," त्या ओरडल्या, "फुलं सिजून रायली! लोक दसऱ्याले सोनं वाटतेत, तुमी काय भाजी वाटता?"

"तू गप राय," सासरे म्हणाले.

सासूबाईंचं तोंड मी पाहिलं. पावसात डोक्यावर पोतं घेऊन त्यांनी एकेक रोप खुरपलं होतं. पाटीतल्या फुलांवरून त्या हात फिरवत होत्या, आजारी लेकरावरून फिरवावा तसा.

तेव्हा माझ्या मनात आलं की गावच्या नात्यानं पाटील माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोसमोर येऊ नये. ती दिसली की त्यानं तोंड फिरवून वाट सोडायची. घरात शिरताना तो खाकरतो, तेही त्याचसाठी.

मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. खाली उतरले, एक पाटी ओढून डोक्यावर घेतली. सासूबाईंना वाटलं, मी चिडून पायीच बाजाराला निघाले. "अवं, कुठी चालली?" त्या म्हणाल्या. बैलांच्या बाजूनं, काट्यांना अंग घासत पुढं झाले आणि सरळ दमणीच्या रोखानं चालू लागले. पदरातून मला फक्त चाकोरी दिसत होती.

मग धप्पकन आवाज आला. पाटलांनी दमणीतून उडी मारली होती. ते धुऱ्याकडं तोंड करून, बोरीत डोकं घालून उभे राहिले आणि तिथूनच गाडीवानावर खेकसले, "अबे पाहून काय रायला! घरची लक्ष्मी डोक्यावर ओझं घेऊन पायी चालली. चढव दमणी वर!"

गाडीवान त्याचीच वाट पाहत असावा. एका हाकेत दमणी धुऱ्यावर चढली. तिच्या मागची बंडीही चढली.

वाटलं, सुटलो. पण सासऱ्यांनी काय करावं? तेही खाली उतरले. "नाई पाटील, तुमी सुनेचा मान ठेवला. आता आधी तुमी निंगा."

"असं कसं काका? तुमी वडील मानूस. आधी तुमी."

"नाई नाई, तुमी."

जितक्या जोरानं ते आधी अडले होते, तितक्याच जोरानं आता वाट देऊ लागले. शेवटी सासूबाईच उभ्या राहिल्या, कासरा स्वतःच्या हातात घेतला आणि बैलांना हाकारलं. सासरे धावत येऊन मागून चढले.

वरच्या पाट्यांतली फुलं कोमेजली होती, ती कमी भावात गेली. पण मधली टिकली. आम्ही उशिरा पोचलो, तरी दारावर तोरण बांधायची घाई असलेली माणसं होतीच. संध्याकाळपर्यंत बंडी रिकामी झाली. सासूबाईंनी दोन टपोरी फुलं बाजूला काढून माझ्या वेणीत खोचली. घरच्या विकाऊ मालातलं फूल त्यांनी कधी स्वतःच्याही डोक्यात घातलं नव्हतं.

परतताना त्याच पांदणीत समोरून जळणाच्या तुराट्यांनी भरलेली बंडी आली. हाकणारा एक गरीब माणूस होता. आम्हाला पाहून तो बिचारा आधीच खाली उतरून बैलांची वेसण धरू लागला. भरली बंडी मागं कशी घ्यावी, हेच त्याला सुचेना.

सासऱ्यांनी त्याला हातानं थांबवलं. आमची रिकामी बंडी धुऱ्यावर चढवली आणि तो जाईपर्यंत तिरपेच बसून राहिले.

सासरे माझ्याशी कधी थेट बोलत नसत, तसा रिवाजच नव्हता. बंडी परत चाकोरीत उतरल्यावर, पुढंच पाहत ते सासूबाईंना म्हणाले, "तुया सुनेले सांगजो, मी चढवली म्हनाव."

"तिले दिसते," सासूबाई म्हणाल्या.

मला दिसलं होतं.