मीटिंगमधलं माझं पहिलं वाक्य

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात लागले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला कुणी हसलं नाही, कारण तिथं कुणी बोलतच नव्हतं. मागांचा खडखडाट एवढा, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी फुकट. सगळा व्यवहार हातांनी. दोन बोटं फाकवली की सूत तुटलंय, मिशीला पीळ दिला की मॅनेजर येतोय. सांगोल्याच्या शाळेत मी अडखळते म्हणून पोरं माझी नक्कल करायची. इथं मी न अडखळता दिवसभर गप्पा मारायचे.

हातांची ही बोली मला शेजारच्या मागावरच्या म्हाताऱ्या कामगारानं शिकवली, सगळे त्यांना मामा म्हणायचे. घरी तेलुगू बोलणारे, उभा जन्म मागावर गेलेले. पुढं बी.कॉम. झालेली म्हणून मला ऑफिसात घेतलं आणि माझी बोबडी वळली. सोमवारच्या मीटिंगमधल्या शांततेचीच भीती वाटायची. जेवणाच्या सुट्टीत मामा डबा उघडत म्हणायचे, "बोल की अम्मा. मीटिंग काय खातंय का तुला?" हे मोठ्यानं, कारण मागांनी त्यांचे कान कधीच नेले होते. शेडमध्ये त्यानं काही अडायचं नाही. कुणाला बोलवायचं तर जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायचा, ही तिथली रीतच.

नवे मॅनेजर शेडच्या दारातूनच हाका मारायचे. एका सोमवारी म्हणाले, "तो म्हातारा माजलाय. हाक मारली तर ढुंकून बघत नाही. आणखी एकदा असं झालं की काढून टाका."

सगळ्यांनी ते वहीत टिपून घेतलं. पुढची हाकही मामांना ऐकू जाणार नव्हती, हे मला दिसत होतं. शब्द दातांमागं अडकला, पुन्हा अडकला. कुणीतरी खुदकन हसलं. तरी मी बोलले.

"त्यास्नी ऐ... ऐकू येत न्हाय, साहेब. माजलेलं न्हाईत ते."

मॅनेजरांनी चष्मा काढला. आवाज एकदम मऊ झाला. "बहिरा माणूस, आणि मशीनजवळ? उद्या काही झालं तर जबाबदार कोण? आजच हिशेब करून टाका त्यांचा." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "छान बोललात. बोलत जा अशाच."

तो चष्मा फोडावासा वाटला मला. त्यांना टॉवेलच्या चेकिंगला बसवा, तिथं मशीन नाही, हे पुढचं वाक्य माझ्याकडं तयार होतं. ते जिभेवर येईपर्यंत खुर्च्या सरकल्या होत्या.

संध्याकाळी मामा गेटवर थांबले होते, हातात डबा आणि कपड्यांची पिशवी. त्यांची नोकरी माझ्याच वाक्यानं गेली, हे मला सांगायचं होतं. जीभ अडली, आणि या गोष्टीला हातांची खूणही नव्हती. त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मीटिंगमध्ये माझ्यासाठी बोललीस म्हणं," रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले. "नोकरी गेली ती गेली. तू बोललीस, लई बरं वाटलं अम्मा."

मी काय बोलले, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.